जन्माने न मिळालेला धर्म

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ साली झालेल्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म ‘पेगन’ असा लिहिला आणि आणखी सुमारे १३ हजारांनी ‘विक्का’ असा. सहा कोटींच्या आसपास वस्ती असलेल्या देशात हे आकडे किरकोळ ठरतात. तरी विक्का लिहिणाऱ्यांकडे लक्ष द्यावेसे वाटते, कारण त्यांच्यापैकी फार थोड्यांना हा धर्म आईवडिलांकडून मिळाला असेल. विक्काला धर्मप्रचारक नाहीत. जुन्या वळणाच्या मंडळात तर प्रवेश मागणाऱ्याला दीक्षेआधी एक वर्ष आणि एक दिवस थांबवण्याची रीत आहे. म्हणजे जो येतो तो आपल्या कारणाने येतो. देवी आणि शिंगधारी देव यांची उपासना, पौर्णिमेचे विधी, वर्षाचे आठ सण आणि मंत्रतंत्र असे या मार्गाचे ढोबळ रूप आहे. तो पत्करण्याची जी कारणे लोक देतात ती खरी आहेत का, आणि खरी असली तरी आयुष्यभर पुरतील का, हे आस्थेने तपासले पाहिजे.

त्यातले सर्वांत कच्चे कारण आधी घेऊ: हा ख्रिस्तपूर्व काळापासून चालत आलेला, चर्चने चिरडलेला आणि गुप्तपणे जगलेला युरोपचा मूळ धर्म आहे. इजिप्तच्या पुरातत्त्वाच्या अभ्यासक मार्गारेट मरे यांनी १९२१ साली तसा सिद्धान्त मांडला होता. जेराल्ड गार्डनर यांनी त्याला देह दिला. सिलोनमधले चहाचे मळे आणि पुढे मलायातले जकात खाते इथे उमेदीची वर्षे घालवून ते १९३६ मध्ये निवृत्त झाले. १९३९ साली न्यू फॉरेस्ट भागातल्या एका गुप्त मंडळाने आपल्याला दीक्षा दिली, असे ते सांगत. जादूटोण्याविरुद्धचा १७३५ चा कायदा ब्रिटनमध्ये १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनर यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ बाहेर आले. पुढे इतिहासकारांनी मरे यांचा सिद्धान्त मोडीत काढला. ब्रिस्टल विद्यापीठाचे रोनाल्ड हटन यांनी ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ या १९९९ च्या ग्रंथात दाखवून दिले की विक्का ही विसाव्या शतकात घडलेली उपासना आहे. तिच्यात एकोणिसाव्या शतकातला स्वच्छंदतावाद, गूढविद्येच्या मंडळांचे विधी आणि लोकरीती एकत्र आल्या आहेत. अनेक विक्कन मंडळींनी हा निष्कर्ष मोकळेपणाने स्वीकारला, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. वय कमी असणे हा धर्माचा दोष नव्हे. प्रत्येक पंथाला कधीतरी पहिली पिढी होतीच.

मात्र याच कारणाची एक शाखा मला अधिक खुपते. ‘आम्ही त्या जाळलेल्या चेटकिणींच्या वारस आहोत’ असे म्हणण्यात अन्यायाविरुद्धचा संताप आहे आणि तो समजण्यासारखा आहे. पण सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात या आरोपाखाली मारल्या गेलेल्यांची संख्या अभ्यासक साधारण ४० ते ६० हजार मानतात. काही जण सांगतात तो नव्वद लाखांचा आकडा निराधार आहे. इंग्लंडात तर शिक्षा जाळण्याची नव्हे, फाशीची होती. मुख्य म्हणजे मारली गेलेली माणसे ख्रिस्ती होती. त्यांतल्या कित्येकींनी आपण चेटकीण नसल्याचे जीव तोडून सांगितले होते. ज्या आरोपाने त्यांचा जीव घेतला तोच त्यांचा धर्म होता असे मागाहून ठरवणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. आपल्याकडे हा प्रश्न इतिहासातला उरलेला नाही. झारखंडला ‘डायन’ प्रथेविरुद्ध २००१ साली कायदा करावा लागला, आणि नंदुरबारच्या डोंगराळ भागात ‘डाकीण’ ठरवलेल्या बाईचे हाल अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वारंवार उजेडात आणले आहेत. कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी स्वतःला उघडपणे विच आणि विक्कन म्हणवून घेतले. सुशिक्षित शहरी स्त्रीला ते धैर्याने करता येते. डोंगरपाड्यावरच्या विधवेला तेच नाव गावकरी देतात तेव्हा ते नाकारण्याची संधीही तिला मिळत नाही. हे अंतर लक्षात ठेवूनच त्या नावाचा अभिमान बाळगावा.

दुसरे कारण मात्र भक्कम आहे, आणि मराठी वाचकाला ते पटकन जाणवणार नाही. ते म्हणजे देवी. ज्याच्या घरी नवरात्रात घट बसतात, तुळजापूर-माहूरची वारी होते, त्याला ईश्वर स्त्रीरूपात कल्पिण्यासाठी धर्म बदलावा लागत नाही. प्रोटेस्टंट इंग्लंड-अमेरिकेत वाढलेल्या मुलीपुढे पिता होता, पुत्र होता. कॅथलिक घरात निदान मेरीची मूर्ती तरी असते, तीही तिच्या वाट्याला नव्हती. चर्च ऑफ इंग्लंडने स्त्रियांना पुरोहितपदाची दीक्षा १९९४ मध्ये प्रथम दिली. त्याच्या चाळीस वर्षे आधी गार्डनर यांच्या मंडळात विधीचे नेतृत्व मुख्य पुजारीण करत होती. १९७० च्या दशकात अमेरिकेत स्त्रीमुक्तीची चळवळ जोरात असताना कित्येक जणी या मार्गाकडे वळल्या, त्यामागे ही भूक होती. आपले शरीर पापाचे मूळ नसून पवित्र आहे, हे एखाद्या बाईला वयाच्या तिशीत प्रथमच कोणी सांगत असेल, तर तिने तिकडे जावे यात नवल काय?

तरीही देवी आली म्हणजे स्त्रीला मान आला, असा हिशेब मांडता येत नाही; याची साक्ष महाराष्ट्राइतकी चांगली कोण देईल? कोल्हापूरच्या अंबाबाईच्या गाभाऱ्यात बायकांना पाऊल ठेवता यावे म्हणून २०१६ मध्ये आंदोलन करावे लागले. विक्काच्या स्वतःच्या इतिहासातही असा प्रसंग आहे. डोरीन व्हॅलिएंटे यांना गार्डनर यांनी १९५३ मध्ये दीक्षा दिली आणि पुढे त्या मंडळाच्या मुख्य पुजारीण झाल्या. विधींची भाषा त्यांनी नव्याने लिहिली, गूढविद्येचे लेखक ॲलिस्टर क्रोली यांच्याकडून उचललेला बराच मजकूर काढला. आज विक्काच्या उपासनेत जे काव्य आहे त्याचा मोठा भाग त्यांचा. १९५७ च्या सुमारास मंडळात प्रसिद्धीवरून वाद झाला, तेव्हा गार्डनर यांनी अचानक ‘प्राचीन नियम’ पुढे केले. त्यांत एक नियम असा होता की मुख्य पुजारिणीने वेळ आली की आपल्यापेक्षा तरुण बाईसाठी आनंदाने जागा मोकळी करावी. हे नियम जुने नाहीत, हे व्हॅलिएंटे यांनी ओळखले आणि त्या बाहेर पडल्या. पण विक्का त्यांनी सोडला नाही. मंडळ आणि मार्ग यांत फरक करण्याची त्यांची ही ताकद मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. देवीसाठी हा मार्ग निवडणारीने व्हॅलिएंटे यांचे आयुष्य जरूर अभ्यासावे.

ऋतूंशी नाते हे तिसरे कारण. ऑक्टोबरअखेरचा साविन, डिसेंबरातला यूल, मेच्या आरंभीचा बेल्टेन असे सण दिवसाच्या लांबीशी आणि पिकांशी जोडलेले आहेत. ऑस्ट्रेलियातले कित्येक विक्कन यूल जूनमध्ये करतात, कारण तिथला हिवाळा तेव्हा असतो. पुस्तकातल्या तारखेपेक्षा बाहेरचे आभाळ त्यांनी खरे मानले. स्टारहॉक या अमेरिकन लेखिकेने हे नाते आणखी पुढे नेले. पृथ्वी पवित्र आहे तर तिच्यासाठी तुरुंगात जायला हवे, म्हणून १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डियाब्लो कॅन्यन अणुवीज केंद्रासमोरच्या नाकेबंदीत त्या उतरल्या आणि त्यांना अटक झाली. निसर्गप्रेमाचे कारण असे किंमत मोजून सिद्ध झाले की त्याबद्दल शंका उरत नाही.

सर्वांत अवघड तोल स्वातंत्र्याचा. पुष्कळांना विक्का भावतो तो मध्यस्थ नाही म्हणून. धर्मगुरूंच्या हातून दुखावलेल्यांसाठी हे कारण लहान नाही. स्कॉट कनिंगहॅम यांच्या १९८८ च्या पुस्तकाने एकट्याने उपासना करण्याची वाट सर्वांना खुली केली, आणि आज बहुसंख्य विक्कन तशी एकट्यानेच साधना करतात. दुर्गम गावात राहणाऱ्या किंवा घरच्यांपासून लपवावे लागणाऱ्या माणसाला दुसरा पर्याय तरी कुठे असतो? पण मंडळातला थांबायला लावणारा, चूक दाखवणारा, मत्सर ओळखून टोकणारा माणूस इथे नाहीसा होतो. त्याची जागा बाजार घेतो. स्फटिक, पत्ते, मेणबत्त्या यांचे संच विकले जातात. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या विधींतला पांढरा सेज जगभर जाळला जातो आणि त्या लोकांचा आक्षेप कानाआड होतो. कोणाला इजा होत नसेल तर मनाला येईल ते करावे, हे विक्काचे नीतिवचन साधे वाटते. प्रत्यक्षात इजा कोणाला आणि किती, हे दर वेळी स्वतःच ठरवायचे असते, आणि आपल्या इच्छेच्या बाबतीत माणूस फार उदार न्यायाधीश असतो.

मंत्रतंत्राबद्दल मी साफ बोलतो: मेणबत्ती आणि इच्छाशक्ती यांनी बाहेरच्या घटना वळतात, यावर माझा विश्वास नाही. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन यांनी १९८० च्या दशकात लंडनच्या जादूगार मंडळांत राहून अभ्यास केला. तिथे त्यांना शिकलेली, नोकरदार, विचारी माणसे भेटली. ती आधी विश्वास ठेवून आलेली नव्हती. करता करता घटनांचा अर्थ लावण्याची त्यांची पद्धत हळूहळू सरकत गेली. ही सरकण धोक्याची ठरू शकते. आजारी माणसाने औषध सोडून मंत्र धरला तर तिथे श्रद्धेचा आदर संपतो आणि अडवण्याचे कर्तव्य सुरू होते. विधीने दुःख सोसायला बळ मिळते, हा अनुभव मात्र खोटा म्हणता येत नाही. मार्गो ॲडलर या पत्रकार स्त्रीने १९७९ च्या आपल्या पुस्तकात नोंदवले की या मार्गावर आलेली माणसे धर्मांतराची भाषा वापरत नाहीत; आपण आपल्याच घरी परतलो असे म्हणतात. घर सापडल्याची ही भावना मी गंभीरपणे घेतो. ती एकटी पुरावा नाही, कारण चुकीच्या घरातही माणसाला ऊब मिळते. तिथे राहिल्यावर तो अधिक प्रामाणिक झाला का, हे पाहायला वेळ द्यावा लागतो.

शासनाने मात्र ही तपासणी करू नये. अमेरिकेच्या एका संघीय अपील न्यायालयाने १९८६ मध्ये विक्काला धर्म म्हणून मान्यता दिली. २००७ मध्ये दाव्यानंतर तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याने लष्करी थडग्यांवर विक्काचे चिन्ह असलेला पंचकोनी तारा कोरायला परवानगी दिली. अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या एका विक्कन सैनिकाच्या पत्नीला त्यासाठी लढावे लागले होते. देशासाठी मेलेल्याला त्याच्या श्रद्धेची कारणे विचारायची नसतात.

माझा कौल अखेर या निवडीच्या बाजूने झुकतो, पण अटीसह: प्राचीनतेचा दावा सोडावा, आणि एकट्याने चालणाऱ्यानेही आपल्याला नाही म्हणू शकेल असा एखादा सोबती राखावा. एक प्रश्न तरी उरतोच. हा मार्ग स्वतः निवडलेल्यांना आता मुले झाली आहेत, नातवंडेही. समाजशास्त्रज्ञ हेलन बर्गर यांच्या अभ्यासात आईबापांची ही ओढाताण दिसते: धर्म ज्याचा त्याने निवडावा असे मानणाऱ्याने मुलाला धर्म शिकवायचा कसा? सणाच्या मेजवानीला, गाण्यांना, शेकोटीला मुलांनी यावे, यात मला काही वावगे दिसत नाही. दीक्षा आणि शपथा मात्र सज्ञान होईपर्यंत दूर ठेवाव्यात. अनेक जुनी मंडळे तसे करतातही. आणि यूलच्या रात्री आईबरोबर जागणारी मुलगी विसाव्या वर्षी आजीच्या चर्चमध्ये जाऊन बसू लागली, तर जे स्वातंत्र्य आईने स्वतःसाठी भांडून घेतले तेच तिने लेकीलाही द्यावे, आणि देताना चेहरा पाडू नये.