दर्वेशाची कुऱ्हाड आणि चाकणची मेजवानी

इराणी दर्वेशाच्या खांद्यावर कुऱ्हाड असे, ही गोष्ट आमच्यांतील दोन पंथांस सारखीच अडचणीची वाटते. एकास तींत फकिरी वेषांतला मारेकरी दिसतो. सूफी म्हणजे निव्वळ गुलाबपाणी असें मानणारा दुसरा तिच्याकडे काणाडोळा करितो. ती वस्तु मात्र दोघांनीही नीट पाहिलेली नसते.

तिचें नांव तबर्झीन. मूळची ती स्वाराच्या खोगिराची युद्धकुऱ्हाड खरी; परंतु एकोणिसाव्या शतकांत, काजार अमदानींत, घडविलेल्या कित्येक तबर्झीनांचीं पातीं कोरीव लेखांनीं व सोनेरी नक्षीनें इतकीं भरलेलीं असतात कीं त्यांनीं सरपण फोडण्याचेंही धाडस कोणी करणार नाहीं. भिक्षेचें कश्कूल आणि ही कुऱ्हाड मिळून दर्वेशाचा वेष पुरा होई. सुन्या वाटेवर ती उपयोगी पडत नसेल असें नव्हे. पण सज्जनगडावर समर्थांची म्हणून जी कुबडी दाखवितात तींतही गुप्ती आहे. तेवढ्यावरून समर्थांच्या वैराग्याविषयीं आम्ही शंका घेत नाहीं. मग दर्वेशालाच निराळा न्याय कां?

शिवाय ज्या इराणी शस्त्रांस परकीं म्हणून नाक मुरडावयाचें, त्यांतील पुष्कळांचें पोलाद आमच्याच दख्खनचें! इस्फहानचे व्यापारी तेलंगणांतील कोनासमुद्रम येथें येऊन तें विकत घेत.

राहिली चाकणची गोष्ट. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाशीं दिलेली झुंज आम्हांस पाठ असते, व असावीच. पण त्यापूर्वीं दोनशें वर्षें त्याच कोटांत काय घडलें? बहामनी सुलतान अहमदशहा हा किरमानजवळच्या माहानच्या शहा नियामतुल्ला वलीचा भक्त. वली १४३१ सालीं वारला. त्याचे वंशज बेदरास मानानें नांदले. दरबारांत आफाकी, म्हणजे इराण-इराकांतून आलेल्या, सरदारांचें वजन वाढलें, तसा दख्खनी सरदारांचा मत्सरही. पंधराव्या शतकाच्या मध्यास कोंकणच्या जंगलांत मलिक-उत्-तुज्जार ससैन्य बुडाला. वांचलेले आफाकी चाकणास आले, तों दख्खनी सरदारांनीं सुलतानाकडे चुगली करून, अभय देऊन, मेजवानीस बोलावून त्यांची कत्तल केली. मारणारे आणि मरणारे एकाच कलम्याचे! धर्माच्या एका काट्यानें सारा इतिहास तोलणाऱ्यांनीं ही मेजवानी कोणत्या पारड्यांत घालावयाची तें सांगावें.

हें वृत्त फिरिश्ता देतो. तो स्वतः अस्तराबादचा, म्हणून आफाक्यांकडे झुकतो, हें ध्यानीं ठेवूनच तें वाचिलें पाहिजे.