दिवा जंक्शन आणि भिवंडीचे कापड

व्यापारी बांधवांनो, दिवा म्हटले की आपल्याला फक्त गर्दी आठवते. १८५४ साली रेल्वे कल्याणला पोहोचली, त्या मार्गावरचे हे खाडीकाठचे गाव. जंक्शन झाले ते फाट्यांमुळे. पनवेलचा फाटा १९८६ मध्ये रोह्यापर्यंत गेला आणि पुढे कोकण रेल्वेला जोडला गेला. दुसरा फाटा वसईचा. त्यावरच भिवंडी रोड स्टेशन आहे, यंत्रमागांच्या शहराचे!

तरीही आमची गाठोडी टेम्पोनेच जातात. मीही तेच करतो, आणि तासन्‌तास रस्त्यात अडकतो. वसई मार्गावर प्रवासी गाड्या मोजक्याच. एक चुकली की अर्धा दिवस गेला.

२०२० मध्ये भिवंडी रोडहून पार्सल गाड्या थेट बंगालमधील संकराईल आणि आसाममधील आझारापर्यंत गेल्या. म्हणजे सोय होऊ शकते. पण डबा भरेल इतका माल एकट्या लहान कारखानदाराकडे कुठून येणार? दहा जणांनी मिळून भरला तर? इथे आपण एकमेकांना भाव कळू नये म्हणून माल झाकून नेतो!

गाड्या उशिरा धावत होत्या म्हणून जानेवारी २०१५ मध्ये दिव्याला लोक रुळांवर उतरले, दगडफेक झाली. जलद गाडीचा थांबा डिसेंबर २०१६ मध्ये मिळाला. आपण आधी सह्यांचा अर्ज तरी देऊ. पहिली सही माझी धरा.