वरच्या मजल्यावरची मुले



जून-जुलै आला की इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर या भागांत घरोघरच्या फाटकांवर 'कमरा किराये से देना है' अशी पाटी लागते. पाटी हिंदीत असली तरी घर बहुधा मराठी असते. होळकरांच्या चाकरीनिमित्त आपले वाडवडील या शहरात आले, स्थिरावले, त्यांनी घरे बांधली. पुढे आपलीच मुले पुण्याला, बंगलोरला, परदेशात गेली. वरचा मजला रिकामा झाला आणि तेथे बुऱ्हाणपूर, खंडवा, खरगोन, बैतूलकडून शिकायला आलेली मुले राहू लागली. त्यांतली पुष्कळशी मराठी बोलणाऱ्या घरांतलीच असतात.

या शहरात आयआयएम १९९६ मध्ये आले, आयआयटी २००९ मध्ये. देवी अहिल्या विश्वविद्यालय, मेडिकल कॉलेज, लोकसेवा आयोगाचे मुख्यालय आणि भंवरकुआ परिसरातले कोचिंग क्लास तर आहेतच. शिक्षणाच्या या वैभवाचा आपल्याला अभिमान आहे, आणि खरे सांगायचे तर भाड्याच्या रूपाने थोडाबहुत लाभही आहे. म्हणूनच या मुलांच्या मनःस्वास्थ्याचा आणि त्यांच्यातील दारूचा प्रश्न 'कॉलेजवाले बघतील' म्हणून झटकून टाकता येणार नाही.

येथे स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याही घरी वरच्या खोलीत एक मुलगा राहत होता. स्वभावाने शांत, भाडे वेळेवर. एके दिवशी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे रिकाम्या बाटल्या सापडल्या. मी त्याला महिनाअखेर खोली सोडायला सांगितले आणि त्याच्या वडिलांना फोन करून बाटल्यांची हकीकत कळवली. घरमालक म्हणून कर्तव्य पार पाडले, असे तेव्हा वाटले. पुढे दोन वर्षांनी एका लग्नात त्या वडिलांची भेट झाली. मुलाला घरी नेल्यावर डॉक्टरांना दाखवले, औषध चालू केले, आता तो सावरला आहे, असे त्यांनी सांगितले. मग हळूच म्हणाले, "काका, वाईट वाटून घेऊ नका. बाटल्यांचं तुम्ही सांगितलंत. पण तो महिनाभर नीट जेवत नव्हता, रात्र रात्र जागा असायचा, हे कुणीच सांगितलं नाही."

मला ते दिसले होते. डब्बेवाला डबा ठेवून जायचा आणि संध्याकाळी तो तसाच भरलेला परत जायचा. रात्री दोन वाजता वर येरझाऱ्या ऐकू यायच्या. पण ते माझे काम आहे असे मला वाटले नाही. बाटली दिसली तेव्हाच काय तो मी जिना चढलो.

हे एकट्या माझ्या घरचे नाही. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या नोंदींप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्या वर्षीच्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला, तमिळनाडू दुसरा आणि आपला मध्य प्रदेश तिसरा होता. २०२३ मध्ये देशाचा आकडा १३,८९२ झाला. यांतील प्रत्येक मृत्यूमागे दारू होती असे कोणी म्हणणार नाही. परीक्षेतले अपयश, घरचे कर्ज, प्रेमभंग, रॅगिंग, एकटेपणा अशी अनेक कारणे असतात. पण मन खचलेले असताना दारूची जोड मिळाली की धोका वाढतो, हे मानसोपचारतज्ज्ञ सांगत आले आहेत.

ते कसे, हे आपण समजून घेतले पाहिजे. मूल बहुधा मजेसाठी पहिला घोट घेते, पण पुढे पुष्कळदा झोपेसाठी घेऊ लागते. दारूने झोप लवकर लागते हे खरे, पण उत्तररात्री ती मोडते. सकाळी डोके जड, मनात धाकधूक, क्लासला दांडी. अभ्यास आणखी मागे पडतो, धास्ती वाढते आणि रात्री पुन्हा तोच उपाय. शिवाय दारू माणसाचा सारासार विचार सैल करते. एरवी मनात येऊन निघून गेला असता असा विचार त्या एका रात्री कृतीत उतरू शकतो.

आणखी एक गोष्ट. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर हातपाय कापणे, भास होणे, फिट येणे असे प्रकार होऊ शकतात; प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणून मुलाला खोलीत कोंडणे, देवासमोर शपथ घालणे, 'आजपासून बंद' असा हुकूम सोडणे हे उपचार नव्हेत. डॉक्टरच लागतो. तरीही आपण डॉक्टरकडे जात नाही. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले, की दारूचे व्यसन जडलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कसलातरी उपचार मिळतो. बाकीचे ३७ 'चार लोक काय म्हणतील' या भीतीच्या आड राहतात, आणि या बाबतीत आपला समाज इतरांहून वेगळा आहे असे मानण्याचे कारण नाही. मुलीचे लग्न ठरायचे आहे, धाकट्याचे नाव खराब होईल, म्हणून आपण 'पित्ताचा त्रास आहे' असे सांगत राहतो.

सरकारने काही केले नाही असे नाही. १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशात दारूच्या दुकानांलगतचे अहाते बंद झाले. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर यांसह धार्मिक नगरांतली दुकाने बंद झाली. आपल्या शहरात बीआरटीएस मार्गावर २०२२ मध्ये सुरू झालेला रात्रभरचा बाजार २०२४ च्या जुलैत, नशेच्या तक्रारी वाढल्यावर, बंद करण्यात आला. यांतल्या काही निर्णयांचे आम्ही स्वागतच करतो. पण दुकान बंद झाल्याने तो मुलगा रात्री झोपू लागत नाही. पिण्याची जागा बदलते, आणि ती नवी जागा पुष्कळदा आपलीच गच्ची असते.

खरे राजकीय काम निराळे आहे आणि त्याला आधारही मिळाला आहे. विशाखापट्टणम येथील नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरासाठी निर्देश दिले. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. कोचिंग क्लासही यातून सुटलेले नाहीत. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणे, चारचौघांत त्यांचा पाणउतारा करणे यांना मनाई आहे. मदतीचे फोन क्रमांक ठळकपणे लावायचे आहेत. देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरावर समिती नेमायची आहे.

तेव्हा आमचा आग्रह असा, की पुढच्या निवडणुकीत हात जोडून दारात येणाऱ्या पार्षदाला, आमदाराला रस्ता आणि नळ यांच्या जोडीने हेही विचारावे: आपल्या वॉर्डातल्या किती कोचिंग क्लासांत समुपदेशक आहे? जिल्हा समितीची बैठक केव्हा झाली? तिचा अहवाल कोठे पाहायला मिळेल? या शहरात मराठी मतांची मोजदाद प्रत्येक पक्ष करतो. ती मते गणेशोत्सवाच्या मंडपाच्या परवानगीपुरतीच मागावीत असे नाही.

आणि आपले काम? आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली घरमालकांसाठी. खोली देताना आधार कार्डाची प्रत आपण घेतोच, त्याबरोबर घरच्या दोन माणसांचे क्रमांक घ्या. डबा भरलेला परत जाऊ लागला, मुलगा दिवसेंदिवस खाली उतरेनासा झाला, तर बाटलीची वाट न पाहता जिना चढा. "झोप लागते का रे बाळा?" एवढे विचारले तरी पुरे. शंका आली तर जीव देण्याचे विचार मनात येतात का, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नका. घरच्यांना कळवा आणि डॉक्टरकडे न्या.

दुसरी पालकांसाठी. शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतूनही बोलता येते. पोलिसांचे लचांड मागे लागेल म्हणून कोणी लपवत असेल तर हेही ध्यानात घ्यावे, की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते. शिक्षेऐवजी त्याला उपचार आणि आधार देणे ही शासनाची जबाबदारी आहे.

तिसरी आपल्या संस्थेसाठी. दरवर्षी आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो, आणि तो करावाच. पण ज्याचे वर्ष गेले त्या मुलाला आपल्या सभागृहात पाऊल टाकायची लाज वाटू नये, एवढी तरी सोय करू. आपल्या सभासदांत डॉक्टर आहेत, निवृत्त प्राध्यापक आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ त्यांनी या मुलांसाठी, आणि त्यांच्या घरमालकांसाठीही, बसावे. कार्यकारिणीपुढे ही सूचना आम्ही ठेवत आहोत.

त्या मुलाने जाताना खोलीची किल्ली माझ्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला. तेव्हा मी त्याला काही विचारले नाही. आता वरच्या खोलीत दुसरा मुलगा आहे. संध्याकाळी दार वाजवून, जेवलास का, एवढे मी विचारतो. कधी कधी तो खाली येऊन आमच्याबरोबर वरणभात जेवतो.