सर, माप टिनाखाली घ्या

२०१३ च्या २३ मेला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला. पेपरवाल्यांनी मोठ्या अक्षरात छापलं, लोक दोन दिवस बोलले, विसरले. हा आकडा सोनेगाव विमानतळावरच्या वेधशाळेचा. तिथं मोकळ्या जागेत पांढरी लाकडी पेटी असते. तिला फटी असतात, आत वारा खेळतो, ऊन शिरत नाही आणि जमिनीपासून चार फुटांवर थर्मामीटर असतो. जगभर अशीच पेटी वापरतात, म्हणून नागपूरचा आकडा राजस्थानच्या आकड्याशी ताडता येतो. पद्धत बरोबर आहे. आमची तक्रार पेटीवर नाही.

सोनेगावहून सायकलने येता येईल अशा अंतरावर बेसा आहे. मनीषनगर संपलं की बेसा रोड लागतो. काळ्या मातीचं गाव होतं, आता जिकडं पाहावं तिकडं लेआउट आणि अर्धवट उभ्या इमारती. त्या बांधून राहिले कोण? गडचिरोली-चंद्रपूरचे आपले गोंड लोक, मेळघाटातले कोरकू, शिवनी-बालाघाटकडची माणसं, छत्तीसगडची कुटुंबं. ते राहतात साइटवरच, चारी बाजूंनी टिन आणि वरही टिन. २३ मेच्या दुपारी त्या टिनाखाली किती अंश होते? कोणाच्याच वहीत नाही. रात्री दोन वाजता किती होते, तेही नाही. दिवसभर तापलेली वीट आणि सिमेंट रात्रभर गरमी सोडत राहते. रात्री अंग थंड झालं नाही की दुसऱ्या दिवशीचं ऊन दुप्पट मारतं. हे आमच्या बायांना माहीत आहे, पण बायांच्या माहितीला सरकारदरबारी आकडा लागतो.

आपल्या पत्रकात पट्ट्याचे, वनहक्काचे विषय असतात, मग टिनाचा आणि लेक्चररचा विषय काहून काढला, असं काही साथी विचारतील. सांगतो. टिनाखाली झोपणाऱ्यांत कितीतरी जण असे आहेत की ज्यांचा दावा नामंजूर झाला, नाहीतर उपविभागीय समितीत पडून आहे, नाहीतर पट्टा मिळाला तो कसत असलेल्या जमिनीच्या चौथाईचा. जमीन पुरली असती तर कोणी मे महिन्यात बेसाला गवंड्याच्या हाताखाली आलं नसतं. आणि दोन्ही ठिकाणी भांडण मापाचंच आहे. माप कुठं घेतलं, कोणी घेतलं आणि कागद कोणाजवळ राहिला?

मापायची सगळी दुकानं तर नागपुरातच आहेत. नीरी इथं, मातीचं राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यालय इथं, उपग्रहाचे नकाशे करणारं राज्याचं केंद्र इथं, खाणींचा ब्यूरो इथं, वनखात्याचं मुख्यालय इथं. १९२३ पासूनचं विद्यापीठ इथं, आणि कॉलेजाकॉलेजात भूगोल विभाग. या सगळ्यांत आपल्या माणसाला सहज भेटता येतं ते फक्त भूगोलाच्या सर-मॅडमला. गेटवर पास लागत नाही. आपली पोरं त्यांच्या वर्गात बसतात. म्हणून बाकीच्यांना सोडून आम्ही त्यांच्याशी बोलून राहिलो. (आता हुद्दा असिस्टंट प्रोफेसर झाला म्हणतात. आमच्या तोंडी लेक्चररच आहे.)

लेक्चरर आपल्याकडं येतात, असं नाही की येत नाहीत. गाडी येते, पोरं उतरतात, छापील फॉर्म असतो. घरात माणसं किती, चूल कशाची, पाणी कुठलं, ताप कधी आला. बाया काम सोडून उत्तरं देतात. विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेतात. मग बाटलीचं काय झालं ते गावाला कधी कळत नाही. एका गावात तर तीन वर्षांत तीन वेगवेगळ्या कॉलेजांनी एकाच विहिरीचं पाणी नेलं. गावाजवळ आजही त्या विहिरीचा एक कागद नाही, आणि पाणी पिणं चालू आहे. कुठंतरी इंग्रजीत निबंध छापून आला असेल. २०१० पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीला गुण लावले. निबंध छापला की गुण, परिषदेत वाचला की गुण. विस्तारकार्यालाही थोडे आहेत, पण ग्रामसभेला मराठीत अहवाल वाचून दाखवला म्हणून कोणाचं प्रमोशन झालेलं आम्ही ऐकलं नाही. त्यांच्यावरही दाब आहे, हे आम्हाला समजतं. तरी बाटली आमची होती.

भूगोलाच्या पुस्तकात लंडनची एक गोष्ट असते. १८५४ साली सोहो वस्तीत कॉलरा आला. डॉ. जॉन स्नो यांनी मेलेल्यांची घरं नकाशावर मांडली तर ती ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपाभोवती दाटलेली दिसली. पंपाचा दांडा काढून टाकला गेला. इथवर सगळे शिकवतात. कमी सांगितलं जातं ते त्या वस्तीतल्या हेन्री व्हाइटहेड नावाच्या पाद्र्याबद्दल. त्याला आधी स्नोचं म्हणणं पटलं नव्हतं. पण घरन् घर त्याच्या ओळखीचं, दुःखाच्या दिवसांत तो प्रत्येक दारात गेलेला. पंपाशेजारच्या घरातलं एक आजारी बाळ त्यानेच शोधून काढलं. त्या बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी ज्या खड्ड्यात टाकत होते, तो पंपाच्या विहिरीला लागूनच होता. डॉक्टरजवळ नकाशा होता, वस्ती ओळखणारा दुसराच होता. दोघं मिळाले म्हणून पत्ता लागला. बेसाच्या ज्या लेआउटात गटारलाइन पोचली नाही तिथं शोषखड्डा एका बाजूला आणि बोअर दुसऱ्या बाजूला आहे. तिथल्या चौकीदाराच्या बायकोला विचारा, कोणत्या शेडमधली पोरं सारखी हगवणीनं पडतात. तिला पाठ आहे.

आपल्या जमिनीचं माप याहून वाईट. वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो. कार्यालयात उपग्रहाचं चित्र उघडतात आणि म्हणतात, इथं तर झाडी दिसून राहिली, शेती कुठं आहे? अरे, आपण शेतातला मोह तोडत नाही, धुऱ्यावरचा टेंभुर्णी तोडत नाही. वरून पाहिलं तर ते जंगलच दिसणार. २०१२ च्या दुरुस्ती नियमांत सरकारनेच लिहिलं की उपग्रहाचं चित्र पुराव्याला जोड म्हणून वापरा, बाकी पुराव्याच्या जागी वापरू नका. म्हाताऱ्या माणसांचा जबाब पुरावा आहे, बांध-बंधारे पुरावा आहे, जुनी स्मशानभूमी आणि देवस्थान पुरावा आहे. चित्र कसं वाचायचं, त्यात काय दिसतं आणि काय दिसूच शकत नाही, हे समितीपुढं लिहून देणारा माणूस कोण? भूगोलाचा लेक्चरर. त्याचा रोजचा धंदाच तो आहे.

आणि हे होऊ शकतं. गुजरातेत राजपिपळ्याजवळ मांगरोळला आर्च वाहिनीच्या लोकांनी आधी दवाखान्याचं काम केलं, मग नर्मदेच्या विस्थापितांचं, मग वनहक्काचं. गावच्या पोरांना जीपीएस यंत्र शिकवलं. पोरांनी शेताच्या कडेने चालत माप घेतलं आणि ते उपग्रहाच्या चित्रावर बसवलं. ज्या चित्राने दावे पाडले तेच चित्र दाव्याच्या बाजूने उभं राहिलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि नुसत्या उपग्रहाच्या भरवशावर दावे नाकारणं २०१३ मध्ये तिथं टिकलं नाही. दवाखान्यापासून सुरुवात केलेले लोक जमिनीच्या मापापर्यंत आले, कारण आजार आणि जमीन एकाच माणसाला लागलेली असते.

आपल्या गडचिरोलीतलं मेंढा-लेखा तर सगळ्यांना माहीत. तिथं अभ्यास गट आहेत. देवाजी तोफा आणि गावकरी बसतात, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे लोकही बसत आले, आणि बाहेरच्यानं शिकवायचं नसतं, सोबत शिकायचं असतं. मधाच्या पोळ्यांवर असाच अभ्यास झाला, त्यातून माश्या न मारता मध काढायची रीत आली. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो या बैठकांतून तयार झालेल्या गावाला. निस्ताराचे जुने कागद तिथं कामी आले. आपल्या कितीतरी गावांची निस्तारपत्रकं रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात आहेत आणि ती मोडी-इंग्रजी नोंदी, बंदोबस्ताचे नकाशे वाचायला आपल्याजवळ माणूस नाही.

आमचं मागणं फार नाही. पर्यावरणाचा विषय आता पदवीच्या सगळ्या पोरांना सक्तीचा आहे आणि त्यात प्रत्यक्ष पाहणीचा भागही आहे. पोरं काय करतात, तर अंबाझरी तलावावर एक चक्कर मारून इंटरनेटवरून उतरवलेली फाईल देतात. सरांनी सांगावं: दिवाळीला गावी जाशील तेव्हा आपल्या विहिरीचं पाणी आण, ज्या विहिरीत डाळ शिजत नाही तिचंही आण, ज्या बोअरचं पाणी पिणाऱ्या पोरांचे दात पिवळे-तपकिरी डागाचे आहेत त्याचंही आण. फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी पिण्याजोगं नाही, हे सरकारचंच माप. आकडा निघाला की एक प्रत मराठीत, सही आणि तारीख घालून, ग्रामसभेला. निबंध नंतर खुशाल छापा.

काही सर म्हणतात, आम्ही तटस्थ असतो, चळवळीत पडत नाही. पडू नका. आम्हाला तुमच्या घोषणा नको, मोर्चात यायचीही गरज नाही. आम्हाला सहीचा कागद पायजे. आकडा आमच्या विरुद्ध निघाला, पाणी चांगलं निघालं, शेत दाव्याहून कमी भरलं, तर तसंच लिहा. खोट्या कागदावर मिळालेला पट्टा पुढच्या तपासणीत जातो आणि सोबत गावाची इज्जत घेऊन जातो. चंद्रपूरचं पाहा. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाने आयआयटीच्या लोकांना घेऊन देशभरची औद्योगिक ठिकाणं मोजली, चंद्रपूरला ८३.८८ गुण पडले आणि ते देशात चौथं निघालं. पुढच्याच जानेवारीत नव्या प्रकल्पांच्या मंजुऱ्या काही काळ थांबल्या. तिथले लोक वर्षानुवर्षे खोकत होते, ते कोणाला ऐकू गेलं नव्हतं. आकडा एका दिवसात दिल्लीला ऐकू गेला.

बेसातल्या टिनाचा मात्र आणखी एक पेच आहे. शेडमधला माणूस उन्हानं आजारी पडला की ठेकेदार त्याला धानोऱ्याच्या नाहीतर बालाघाटच्या गाडीत बसवून देतो. तो तिकडं जाऊन मेला तर दाखल्यावर ताप, नाहीतर हृदय बंद पडलं. नागपूरच्या उष्माघाताच्या यादीत तो नाही, गावच्या यादीतही नाही. कोणत्या गावचा माणूस कुठं तापला आणि कुठं मेला, हे जोडून पाहणं डॉक्टरच्या एका खोलीतून होत नाही. त्याला नकाशा लागतो.

तोवर आपण सुरू करतो. भिंतीवर टांगायचे साधे थर्मामीटर आणले आहेत. १ एप्रिलपासून बेसा आणि घोगलीकडच्या शेडमध्ये दुपारी तीनला आणि रात्री दोनला आकडा लिहायचा. रात्रीचा आकडा चौकीदार लिहितील, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. थर्मामीटर चुलीजवळ लावू नये, टिनाला चिकटवू नये, झोपतो त्या उंचीवर लावावा. कोण आजारी पडलं, कोणत्या गावचं, कुठं गेलं, हेही त्याच वहीत. जूनमध्ये वह्या घेऊन आम्ही भूगोल विभागांची दारं वाजवणार आहोत. कोणत्या कॉलेजात कोण ओळखीचे सर-मॅडम आहेत ते साथींनी बुधवारच्या बैठकीत सांगावं. ज्यांना मराठी लिहिता येत नाही त्यांनी वही पोरांजवळ द्यावी, आकडे कोणत्याही लिपीत चालतील.