तलवारीच्या आधीचा अर्ज

बंड करणाऱ्या स्त्रिया म्हटले की आपल्या महाविद्यालयात दोन नावे निघतात. मराठी विभागात झाशीची राणी लक्ष्मीबाई, कन्नड विभागात कित्तूरची राणी चन्नम्मा. चिंताकीसारख्या सीमेवरच्या गावात, शाळेत मराठी आणि बाजारात कन्नड अशी वाढ झाल्यामुळे मला दोघीही घरच्याच वाटतात. तक्रार एवढीच की दोघींची कथा आपण शेवटच्या पानापासून वाचतो. घोडा आणि तलवार दिसली की टाळ्या, त्याआधीचे काही कोणाला नको असते.

वाणिज्य शाखेच्या मुलीने इतिहासात नाक खुपसू नये, असे कोणी म्हणेल. पण कित्तूरचे प्रकरण पेटले ते वारसा आणि खजिना यांवरूनच. सप्टेंबर १८२४ मध्ये राजा शिवलिंगरुद्र सर्ज निपुत्रिक वारला. त्याने घेतलेला दत्तक धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने मानला नाही. उलट खजिन्याला मोहोर लावून पहारा बसवला. चन्नम्मा राजाची सावत्र आई. तिने लगेच तलवार उपसली नाही. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्याकडे तिने लेखी दाद मागितली. ती मिळाली नाही. मग २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्यापुढे लढाई झाली आणि थॅकरे मारला गेला. डिसेंबरात मोठी फौज आणून कंपनीने किल्ला घेतला. राणी १८२९ मध्ये बैलहोंगलला कैदेतच वारली.

झाशीचे खातेही असेच आहे. गंगाधररावांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला. डलहौसीने तो नामंजूर करून १८५४ मध्ये संस्थान खालसा केले व राणीला वार्षिक ६०,००० रुपयांची नेमणूक देऊ केली. तांब्यांच्या या मुलीने जॉन लँग नावाच्या वकिलाचा सल्ला घेतला, अर्जांवर अर्ज केले. हे सारे १८५७ च्या आधीचे. अर्ज फेटाळणाऱ्यांनीच पुढे तिला बंडखोर म्हटले, हे विसरू नये.

दूर चीनमध्येही हाच अनुभव. इ. स. १४ मध्ये शांतुंगकडच्या एका सधन बाईच्या मुलाला किरकोळ अपराधासाठी तिथल्या अधिकाऱ्याने ठार केले. इतिहास तिला लू आई म्हणूनच ओळखतो. ती दारू गाळून विकू लागली. गावच्या तरुणांना उधार द्यायची, गरिबांना कपडेही पुरवायची आणि गुपचूप तलवारी विकत घ्यायची. पैसे संपत आले तेव्हा ते तरुण उधारी फेडायला आले. तिने रडत पैशाऐवजी न्याय मागितला. इ. स. १७ मध्ये तिच्या लोकांनी ते ठाणे जिंकून अधिकाऱ्याला मारले. उधारीच्या वहीतून उभे राहिलेले सैन्य आमच्या एकाही पाठ्यपुस्तकात नाही!

या स्त्रियांना देवी करून टाकले की आपण सुटतो. देवीच्या मिळकतीचा प्रश्न कोण काढणार? पण वारशाचा प्रश्न आजही आपल्या ओसरीवर बसलेला आहे. २००५ च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. तरी भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर हक्कसोडपत्रही पुढे येते. आमच्याकडे तो कागद कन्नडात असतो, आणि सही करणारी बहीण बहुधा मराठी शाळेत शिकलेली. काय लिहिले आहे ते तिला भाऊच सांगतो. प्रेमाने सांगतो हे खरे, पण व्यवहारात सांगणारा आणि घेणारा एकच असू नये, एवढे तर आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात.

दोन्ही भाषा येणारे आपल्या वर्गात पुष्कळ आहेत. असा कागद दिसला तर तो मोठ्याने वाचून दाखवायला कुठलीही तलवार लागत नाही. मागच्या दिवाळीत शेजारच्या एका ताईला मी असाच एक कागद आधी कन्नडात आणि मग मराठीत वाचून दाखवला. तिने गटांचे नंबर दोनदा विचारले, कागदाची घडी घातली आणि सही न करता माहेरचा चहा घेऊन निघून गेली.