पोत्यातल्या सालीची साक्ष

अशोकारिष्ट आपल्याकडे बहुतेक घरांना नावाने तरी ठाऊक असतं. ते बनतं सीतेच्या अशोकाच्या, म्हणजे सराका असोकाच्या सालीपासून. सोसायटीच्या कुंपणालगत सरळसोट उभा असतो तो हा नव्हे. तो आसुपालव, सीताफळाच्या कुळातला. खरा अशोक चिंचेच्या नात्यातला.

दोघांची पानं शेजारी ठेवली तर शाळकरी पोरही फरक सांगेल. आसुपालवाचं पान सुटं, लांबट, कडेने लाटा घेतलेलं. अशोकाचं संयुक्त: एका दांड्यावर पर्णिकांच्या चार-सहा जोड्या, दांड्याच्या बुडाशी फुगीर गाठ, आणि कोवळी पालवी तांबूस, लुळी लोंबणारी. पानाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर आसुपालवात तेलाच्या गोल पेशी दिसतात, सीताफळाच्या पानात असतात तशाच. अशोकात त्या नाहीत.

पण मंडईत पान येत नाही, साल येते, तीही भरडून. तिथे आसुपालवाची साल अशोकाची म्हणून खपते. ही भेसळ औषधिशास्त्राच्या पुस्तकांत जुनी झाली आणि बाजारात अजून ताजी आहे.

ती पकडायला एक ब्लेड आणि कॉलेजातला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. सालीचा तुकडा भिजवून मऊ करायचा, आडवा पातळ काप घ्यायचा, सॅफ्रॅनिनने रंगवायचा. अशोकाच्या सालीत बाहेर बुचाचा थर, त्याच्या आत स्टोन सेल म्हणतात त्या जाड भिंतींच्या पेशींची एक-दोन पदरी सलग रांग, आणि आणखी आत त्यांचेच पुंजके. रसवाहिन्यांच्या भागात तंतू गटागटाने, आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक पोटात घेतलेल्या पेशींच्या माळा. आसुपालवात तंतूंचे आडवे पट्टे: एक कठीण, एक मऊ, पुन्हा कठीण, मधून जाणारे किरण बाहेरच्या बाजूला नरसाळ्यासारखे रुंदावलेले. साल दळली तर ही रचना मोडते, पण स्टोन सेल, तंतू, स्फटिक पावडरीतही सापडतात.

मात्र हे सगळं भांडं चुलीवर चढेपर्यंतच. काढा उकळला, गाळला, गूळ आणि धायटीची फुलं घालून आंबवला, की पेशींची साक्ष संपली. मग महागडी यंत्रं लावून रसायनांच्या खुणा शोधत बसा. औषध नियमांतलं शेड्यूल टी कच्च्या मालाची तपासणी उत्पादकावरच टाकतं. माझं म्हणणं, प्रत्येक लॉटच्या छेदाचा फोटो दप्तरी ठेवणं सक्तीचं करा. वनस्पतिशास्त्राचे पदवीधर हे काम डोळे मिटून करतील, आणि ‘छेद कापून काय मिळतं’ असं त्यांना कोणी विचारणार नाही.

भेसळीचं एक कारण लोभ, दुसरं टंचाई. सह्याद्रीत ओढ्याकाठी वाढणारा अशोक आययूसीएनच्या यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. खोडाभोवती गोल साल सोलली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे नेणाऱ्या रसवाहिन्याच निघून जातात, आणि वरून हिरवं दिसणारं झाड खालून उपाशी मरतं. साल काढायचीच तर उभ्या पट्ट्यांत, एका बाजूने, बाकी खोड शाबूत ठेवून. असं सबुरीने काम करणाऱ्याच्या पोत्याला चढा भाव हवा. आणि तो भाव मोजणाऱ्या कारखानदारानेही पैसे देण्याआधी पोत्यातला एक तुकडा भिजत घालावा.