पँथरचं नाव घेतलं, पँथरचं काम कधी घेणार?

1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्याच ब्लॅक पँथरनं 1971 पासून काळ्यांच्या वस्त्यांत सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली होती, हे किती जणांना माहीत आहे? सरकार आमच्या आजाराकडे बघत नाही, तर आम्ही बघू, ही त्यांची भूमिका होती. 1972 मध्ये अमेरिकन सरकारला सिकलसेलसाठी कायदा करावा लागला.

हा आजार आपल्याही घरात आहे. विदर्भात आदिवासींप्रमाणेच बौद्ध समाजातही तो मोठ्या प्रमाणात आढळतो. हा कुठल्या जातीचा शाप नाही. वाहकाला मलेरियापासून काही संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत हा जनुक टिकला. आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. दोष एकट्या सुनेच्या माथी मारणं हे अज्ञान आहे.

जन्मतः बाळ ठणठणीत दिसतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन त्याला काही महिने सांभाळतं. फसगत इथेच होते. पुढे सहा महिन्यांच्या आसपास हातापायांचे पंजे सुजतात, बाळ हात लावू देत नाही. अंग फिकट, डोळे पिवळे, वारंवार ताप. पानथरी अचानक वाढून पोट फुगलं आणि बाळ पांढरं पडलं, तर काही तासांत जीव जाऊ शकतो. अशा वेळी "नजर लागली" म्हणत अंगारा लावणारं घर बावीस प्रतिज्ञा विसरलेलं घर आहे. सिकलसेलच्या बाळाला ताप आला की थेट दवाखाना गाठायचा.

पण लक्षणांची वाट का बघायची? अमेरिकेत 1986 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यानं गंभीर जंतुसंसर्ग 84 टक्क्यांनी कमी झाला. त्यासाठी निदान जन्मानंतर लगेच व्हायला हवं. नेहमीची सोल्युबिलिटी टेस्ट नवजात बाळात भरवशाची नसते, एचपीएलसीसारखी तपासणी लागते.

2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानाचा भर आदिवासीबहुल भागांवर आहे. तो हवाच. पण विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांचं काय? तिथं जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची तपासणी झाली पाहिजे, ही मागणी आपणच लावून धरायची आहे.

जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा तपासणी शिबिराला द्या. विहारात आशाताईंना बोलवा, वरची लक्षणं भिंतीवर लावा. डीजेचा आवाज रात्रीपुरता असतो, वेळेत ओळखलेलं बाळ उद्या शाळेत जातं.

जय भीम!